आजीचे माहेर कोणते?

जातीच्या दाखल्याचा अर्ज भरताना माणूस एका ठिकाणी हमखास अडखळतो. १० ऑगस्ट १९५० रोजी तुमचे कुटुंब कोठे राहत होते? अनुसूचित जातींसाठी हीच तारीख धरली जाते. मग घरात शोधाशोध सुरू होते. वडिलांचा शाळा सोडल्याचा दाखला आहे का, आजोबांचा जन्म कोतवाल बुकात सापडतो का, चुलत आजोबांचे नाव कुठल्या रजिस्टरला आहे का. आमचा देवळा तालुका १९९९ साली वेगळा झाला. त्याआधी इकडची बरीच गावे कळवण तालुक्यात होती, त्यामुळे जुन्या कागदासाठी कळवणच्या फेऱ्या ठरलेल्या. पोटासाठी कारकुनी आणि सुटीच्या दिवशी समाजाचे काम, अशा दोन्हींमुळे हे अर्ज भरून देण्याचे काम माझ्याकडे आपसूक येते. विहाराच्या ओट्यावर बसून मी असे किती अर्ज भरले असतील त्याची मोजदाद ठेवलेली नाही.

या सगळ्या कागदांत एक गोष्ट सारखी असते. बाप, आजोबा, पणजोबा अशी सरळ रेघ वर जाते. आई त्या रेघेवर कुठेच नसते. लग्न झालेल्या मुलीचा दाखला काढायचा तर तिच्या माहेरचा, म्हणजे तिच्या बापाचा पुरावा लागतो. सूनबाईला नोकरीचा फॉर्म भरायचा असला की सासरच्या मंडळींना तिच्या आजोबांचे गाव पहिल्यांदा ठाऊक होते. तिची आजी कुठली, हे तेव्हाही कोणी विचारत नाही, कारण फॉर्मला ते लागत नाही.

मी मात्र अलीकडे विचारू लागलो आहे. अर्ज लिहून झाला, सही झाली, की विचारतो, “तुमच्या आजीचे माहेर कोणते?” दहातले सात-आठ जण गप्प बसतात. काही जण म्हणतात, “तिकडे चांदवडकडचे काहीतरी होते बुवा.” आणि आजी मुंबईला, नाशिकला किंवा मनमाडला कशी गेली असे विचारले, तर उत्तर ठरलेले असते. “आजोबा गेले रेल्वेत लागायला, आजी बरोबर गेली.”

बरोबर गेली! वाचकहो, या दोन शब्दांबद्दलच आज लिहायचे आहे. गाव सोडून पोट भरायला बाहेर पडलेल्या आपल्या घराण्यांत पुरुष कामाला गेला आणि बाई ‘बरोबर गेली’, असाच इतिहास आपण मुलांना सांगतो. ती बरोबर गेली, मग तिने तिथे काय केले? चूल कशावर पेटवली, पहिला पैसा कोणत्या कामाचा मिळवला, नवऱ्याचे काम सुटले तेव्हा घर कोणी ओढले?

अगदी वरून सुरुवात करू. माता रमाईंचा त्याग आपल्या घराघरात सांगितला जातो. पण रमाई ही गाव सोडून मुंबईत आलेली एक पोरकी मुलगी होती, अशा नजरेने आपण त्यांच्याकडे क्वचितच पाहतो. दापोलीजवळचे वणंद हे त्यांचे गाव. वडील भिकू दाभोळ बंदरात माशांच्या टोपल्या वाहत. आईवडील लवकर गेले आणि मामा-काकांनी या लेकरांना मुंबईत भायखळ्याला आणले. लग्नही भायखळ्याच्या बाजारातच लागले, रात्री बाजार उठल्यावर, मोकळ्या झालेल्या जागेत. पुढे परळच्या बी.आय.टी. चाळीतल्या दोन खोल्यांत संसार. १९१३ साली सासरे सुभेदार रामजी गेले आणि त्याच वर्षी बाबासाहेब अमेरिकेला निघाले, ते १९१७ साली परतले. पुन्हा १९२० ते १९२३ लंडन. या वर्षांत घर चालले ते कोणाच्या जिवावर? रमाईंनी शेण गोळा करून गोवऱ्या थापल्या, हे आपल्या आयाबायांनी पिढ्यान्‌पिढ्या सांगितले आहे. पाच लेकरांपैकी चार लहानपणीच गेली, एक यशवंतराव तेवढे वाचले. दादरच्या ‘राजगृहा’त २७ मे १९३५ रोजी रमाई कालकथित झाल्या. बाबासाहेबांनी ‘थॉट्स ऑन पाकिस्तान’ हा आपला ग्रंथ त्यांच्या स्मृतीला अर्पण केला. त्यातला राजकीय विचार जगाने वाचला. अर्पणपत्रिका आपण तरी एकदा उघडून पाहावी.

रमाईंचे कष्ट निदान सांगितले गेले. बाकीच्या रमाईंचे काय?

देवळ्याहून नाशिकला निघालेली एस.टी. भावडबारी घाट उतरून सोग्रस फाट्याला हमरस्त्याला लागते आणि पिंपळगाव मागे टाकून ओझरला येते. ओझर म्हटले की आपल्याला विमानाचा कारखाना आठवतो. १९६४ साली तो आला आणि ‘ओझर मिग’ हेच त्या थांब्याचे नाव होऊन बसले. जिल्ह्यातल्या कितीतरी घरांची चूल त्या कारखान्यावर पेटली. पण याच ओझरहून, कारखाना येण्याच्या तीसेक वर्षे आधी, एक महार जोडपे गाव सोडून निघाले होते. नवरा दामू येसकराच्या पाळीवर होता. येसकरकी म्हणजे काय हे आजच्या मुलांना सांगावे लागते: गावाचे निरोप न्यायचे, राखण करायची, मेलेले ओढायचे आणि त्याबद्दल दारोदार भाकरी मागून आणायची. विहिरीत सापडलेल्या प्रेतावर दामूला राखणीला बसवले आणि मग ते बाहेर काढ म्हणून फर्मावले. त्याने नकार दिला. मार खाल्ला. आणि बायकोला, सोनूला घेऊन मुंबईची वाट धरली. महारकीचे वतन कायद्याने गेले ते १९५८ साली. या जोडप्याने ते आपल्यापुरते त्याआधी अठ्ठावीस वर्षे टाकून दिले होते.

डॉ. नरेंद्र जाधव यांच्या ‘आमचा बाप आन्‌ आम्ही’ या १९९३ सालच्या पुस्तकातले हे घराणे. अंगठाछाप म्हणावे अशा बापाची मुले कुठल्या कुठे गेली. धाकटे नरेंद्र रिझर्व्ह बँकेत मोठे अर्थतज्ज्ञ झाले, पुणे विद्यापीठाचे कुलगुरू झाले. आपल्या समाजात हे पुस्तक हातोहात फिरले आहे, त्यामुळे जास्त सांगत नाही. मला त्यातली एक बाब महत्त्वाची वाटते. दामोदर जाधव निवृत्त झाल्यावर घरात स्वस्थ बसेनात, सारखी काहीतरी खाटखूट चालू. तेव्हा मुलाने त्यांना सांगितले, तुमच्या आठवणी लिहून काढा. जेमतेम अक्षरओळख असलेल्या त्या माणसाने लिहिले, म्हणून आज आपल्याला ओझरची ती विहीर माहीत आहे.

मुलाने बापावर पुस्तक लिहिले यात वावगे काहीच नाही. लिहिले म्हणून तर आपण वाचतो. पण बापाच्या हातात वही दिली गेली, तशी आईच्या हातात किती घरांत दिली जाते? हेच पुस्तक पुढे इंग्रजीत आले, तेव्हा त्यात सोनाबाईंच्या तोंडून सांगितलेली स्वतंत्र प्रकरणे आली. ओझर सोडताना ती जेमतेम जाणती पोर होती. जिथे ओळखीची चूल नाही, अशा मुंबईत सहा लेकरे वाढवायची, आणि पुढे धर्मांतराच्या वेळी लहानपणापासूनचे देव घरातून काढताना मनाशी झगडायचे. हा झगडा तिचा होता, नवऱ्याचा नव्हे. त्याला ते सोपे गेले, हिला जड गेले. आपल्या कितीतरी आज्यांनी ५६ साली हेच सोसले असेल, पण नवऱ्याने देव्हारा रिकामा केला एवढेच आपण सांगतो.

अकोले तालुक्यातल्या धामणगावचे दया पवार. त्यांच्या ‘बलुतं’मध्ये (१९७८) नागपाड्याचा कावाखाना आहे. पुरुष गोदीत, हमालीत. बायका काय करीत? रस्त्यावरच्या चिंध्या, कागद, काचा, लोखंडाचे तुकडे, बाटल्या वेचायच्या, घरी आणून निवडायच्या, वेगवेगळ्या करून विकायच्या. त्या काळी त्याला कोणी उद्योग म्हटले नाही. बाजाराचा भाव ठाऊक असल्याशिवाय आणि मालाची पारख असल्याशिवाय हे काम होत नाही, हे मी वाणिज्य शाखेचा पदवीधर म्हणून सांगतो.

पण ज्या आईपाशी मला थोडे थांबायचे आहे ती रत्नागिरीची. उर्मिला पवार यांच्या ‘आयदान’मधली त्यांची आई. हे पुस्तक २००३ साली आले. आमच्या भागात ते त्या मानाने कमी वाचले गेले, कदाचित कोकणातले म्हणून असेल. देशावर काही ठिकाणी आयदान म्हणजे घरातले भांडे. कोकणात आयदान म्हणजे बांबूपासून विणलेल्या वस्तू, सुपे, टोपल्या, रोवळ्या. तिकडे महार समाजाकडे हे काम परंपरेने होते. आपल्याकडे ते बुरुडाचे काम, म्हणून वाचताना प्रथम थोडे नवल वाटते.

त्यांचे मूळ गाव रत्नागिरीजवळचे फणसवळे. पुस्तकाच्या सुरुवातीलाच गावच्या बायका डोक्यावर जड ओझी घेऊन डोंगरवाटेने रत्नागिरीच्या बाजारात निघालेल्या दिसतात. पाय भाजतात, मान मोडते, आणि असल्या आडबाजूच्या गावात वस्ती करणाऱ्या पूर्वजाला त्या मनसोक्त शिव्या घालतात. मला हा भाग फार आवडतो. आपल्याकडे गावाविषयी फार गोड बोलायची रीत आहे. ज्याला त्या गावातून ओझे वाहावे लागते त्याला विचारा.

वडील शिक्षक होते. मुलांनी शिकावे म्हणून त्यांनी गाव सोडून रत्नागिरीत घर केले. लेखिका तिसरीत असताना ते गेले. मुलांना शिकव, हेच बायकोला शेवटचे सांगणे. आता या बाईची स्थिती पाहा. स्वतःला अक्षर येत नाही. भोवती इतर जातींची वस्ती. घरचा एक मोठा मुलगाही गेलेला. अशा वेळी कोणीही म्हणेल, परत गावी जा, भावकीत राहा, पोरांना कामाला लाव. आपल्या शेकडो घरांत हेच झाले. बाप गेला की बिऱ्हाड परत गावाला, आणि पोरांची शाळा तिथेच संपली. ही बाई हलली नाही. बांबूच्या कामट्या काढायच्या आणि सकाळपासून अंधार पडेपर्यंत विणत बसायचे. विणता विणता ती गेलेल्या माणसांसाठी रडायची आणि हात चालूच असायचे. तयार झालेली सुपे-टोपल्या लेकीने लोकांच्या घरी पोचवायच्या. तिथे उंबऱ्याबाहेर उभे राहायचे, पैसे वरून टाकले जायचे, हे सांगायला नको.

एक प्रसंग सांगतो. शाळेच्या पडवीत गाईने शेण टाकले. गुरुजींनी ते या मुलीला उचलायला सांगितले, गाय तुमचीच म्हणून. मुलीने नकार दिला तर थोबाडीत मारली. गालावर वळ घेऊन मुलगी घरी आली. आईने काय केले? रडत बसली नाही आणि ‘जाऊ दे बाई, मोठी माणसं’ असेही म्हणाली नाही. गुरुजी त्याच वाटेने जायचे. तिने त्यांना वाटेत अडवले आणि शेण आमच्याच गाईचे कशावरून, असा जाब विचारला. मी विधवा बाई, हे असे विणून पोरांना शिकवते आणि तुम्ही तिला मारता? पुन्हा हात लावाल तर या रस्त्याने कसे जाता ते पाहते, अशा अर्थाचे ती बोलली. त्या दिवसापासून मुलीच्या मनातली शाळेची भीती कमी झाली, तिला आईचा आधार वाटू लागला आणि ती शाळेत टिकली.

आपण चळवळीची भाषा बोलणारे कार्यकर्ते अशा प्रसंगाला काय म्हणू? निवेदन नाही, मोर्चा नाही, शिष्टमंडळ नाही. एक निरक्षर बाई, हातात अर्धवट विणलेले सूप, आणि रस्त्यात अडवलेला मास्तर. माझ्या मते हा सत्याग्रहच आहे. काळाराम मंदिराचा सत्याग्रह २ मार्च १९३० ला सुरू झाला याची नोंद आपल्याकडे आहे, असावीच. रत्नागिरीच्या त्या रस्त्यावरचा दिवस मात्र लेकीने लिहिला नसता तर कोणाला कळला असता?

याच उर्मिलाताईंनी मीनाक्षी मून यांच्याबरोबर १९८९ साली ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक केले होते. बाबासाहेबांच्या चळवळीत असलेल्या बायकांना शोधून काढले, त्यांच्या घरी जाऊन बसल्या, त्यांचे बोलणे उतरवून घेतले. आपल्या नाशिकच्या शांताबाई दाणी त्यात आहेत. शांताबाई २००१ साली गेल्या. त्या पुस्तकात बोलणाऱ्या बऱ्याच बायका आता आपल्यात नाहीत, त्यांचे शब्द आहेत. दहा वर्षे उशीर झाला असता तर बरेचसे शब्दही राहिले नसते.

आता घरचे. माझी थोरली आत्या पंच्याऐंशीच्या घरात आहे. गिरणाकाठचे आमचे गाव हे तिचे माहेर, सासर चांदवडकडचे. १९७२ च्या दुष्काळात दोघे नवराबायको नाशिकला गेले आणि तिकडचेच झाले. आमच्या घरातही तिच्याविषयी तेच बोलले जायचे, मामा कामाला गेले, आत्या बरोबर गेली. मागच्या दिवाळीच्या सुटीत मी शंभर पानी वही घेऊन तिच्यापाशी तीन दिवस बसलो.

पहिल्या दिवशी काहीच मिळाले नाही. “तुला कसे वाटले होते ग गाव सोडताना?” असे मी विचारले. “काय वाटायचं, बाबा? पोट घेऊन निघालो,” एवढे बोलून ती तांदूळ निवडायला लागली. दुसऱ्या दिवशी मी कारकुनासारखा विचारू लागलो. किती मजुरी होती? कोण द्यायचे, कधी द्यायचे? खोलीचे भाडे किती? रॉकेल कुठून आणायचीस? मग जी ती बोलायला लागली ती रात्रीपर्यंत. भगिनींनो, म्हाताऱ्या माणसाला भावनेचे विचारले तर ते लाजते किंवा टाळते. हिशोबाचे विचारले तर ते खुलते, आणि भावना त्या हिशोबातून आपोआप येते.

साल तिला सांगता येत नाही. पण बाबासाहेब गेले ते वर्ष, म्हणजे १९५६, हा तिचा एक खुंटा. तेव्हा ती लग्नाच्या वयाची होती. दुष्काळ हा दुसरा. मराठवाड्यात नामांतराची जाळपोळ झाली ते १९७८ हा तिसरा, त्या वर्षी तिची धाकटी पहिलीत गेली. इंदिरा गांधी गेल्या ते १९८४ हा चौथा, आणि १४ जानेवारी १९९४ चा नामविस्तार हा पाचवा. या पाच खुंट्यांना दोरी बांधून तिचे सगळे आयुष्य मला कागदावर मांडता आले.

काय निघाले त्यातून? दुष्काळी कामावर आधी ती गेली होती, मामा नव्हे. मामा आजारी होते. खडी फोडण्याच्या कामावर तिचे नाव हजेरीला होते. तिथली सुकडी ती स्वतः खात नसे, पदरात बांधून पोरांना आणी. तांबडी मिलो ज्वारी तिला आजही नको वाटते. नाशिकला जायचे ठरवले तेही तिनेच. कामावरच्या एका बाईची बहीण तिकडे इमारतीच्या कामावर होती, तिचा पत्ता हिने तोंडपाठ करून घेतला होता. कागदावर नव्हता, कारण वाचणार कोण? पहिली दोन वर्षे मामांना धड काम मिळाले नाही. घर चालले ते हिच्या बिगारीवर. घमेली उचलायची, पाणी मारायचे, वाळू चाळायची. मामांना पुढे एका कारखान्यात कायम नोकरी लागली आणि तिथून आमच्या घराण्याचा ‘इतिहास’ सुरू झाला! त्याआधीची सात वर्षे कोणाच्या बोलण्यात कधी आलीच नाहीत.

वस्तीतल्या बारा बायकांची भिशी ती चालवी. वही नव्हती. कोणाचा नंबर कोणत्या महिन्यात, कोणाचे किती थकले, कोणाला बाळंतपणासाठी आधी दिले, सारे डोक्यात. मी बी.कॉम.ला जमाखर्चाचे दोन पेपर दिले आहेत, मला कॅल्क्युलेटरशिवाय जमत नाही. तिच्या भिशीत एकदाही पैशाचा घोटाळा झाला नाही, हे मी तिच्या तोंडून नव्हे, त्या वस्तीतल्या दुसऱ्या दोघींकडून ऐकले.

मामा गेल्यावर मात्र या बाईला स्वतःच्याच घरात आपण राहतो हे सिद्ध करायला दीड वर्ष लागले. घरपट्टीची पावती मामांच्या नावाची, वीजबिल मामांच्या नावाचे, रेशनकार्डावर ती ‘पत्नी’. ज्या घराच्या भिंतीची प्रत्येक वीट तिने डोक्यावरून आणली, त्या घराशी तिचा संबंध काय, असे एका खिडकीवरच्या माणसाने विचारले. मी स्वतः खिडकीच्या आतल्या बाजूला बसणारा माणूस. त्या माणसाला नियमात दुसरे काही विचारताच येत नव्हते, हे मला ठाऊक आहे, म्हणून राग अधिक आला.

बाईचे नाव तिचे स्वतःचे म्हणून कोणत्या कागदावर लागते, याचा मी थोडा विचार केला. एक म्हणजे हजेरीपट. दुष्काळी काम असो की पुढची रोजगार हमी, मजुरी घ्यायची तर बाईचे नाव आणि बाईचाच अंगठा. रोजगार हमीत तर बाईला आणि पुरुषाला मजुरीचा दर सारखा होता. दुसरे, सिन्नरकडच्या विडी वळणाऱ्या बायकांचे ओळखपत्र. ते कामगार म्हणून तिच्याच नावाचे. घरात कुठे असेल तर फेकू नका, प्लास्टिकमध्ये घालून ठेवा. हजेरीपट मात्र मुदत संपली की नष्ट करायचे असतात, तशी कार्यालयीन पद्धतच आहे. म्हणजे आपल्या आज्यांचे नाव ज्या कागदावर धडपणे लागले होते, तेच कागद सरकारी नियमाने रद्दीत गेले. त्यांचे तोंड तेवढे अजून शिल्लक आहे.

आता कायदा थोडा पुढे आला आहे. १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलाचे नाव लिहिताना आधी मुलाचे, मग आईचे, मग वडिलांचे आणि शेवटी आडनाव, असा क्रम महाराष्ट्र शासनाने ठरवला. चांगले झाले. आमच्या गल्लीतल्या एका बाळाचा दाखला असा आला तेव्हा त्याची पणजी तो उलटसुलट करून पाहत होती. वाचता येत नसतानाही नातीचे नाव कुठे आहे, तिथे तिने बोट ठेवून घेतले. पण हा नियम पुढच्यांसाठी. मागच्यांसाठी शासन काही करणार नाही, ते आपल्यालाच करायला हवे, आणि त्याला एक वही व दोन-तीन दिवस पुरतात. उतरवून घेताना तिची बोली सुधारू नका. ती ‘मह्या’ म्हणाली तर ‘माझ्या’ लिहू नका. जमले तर मोबाइलवर आवाजही घ्या, पण वही ठेवाच. मोबाइल बदलतो आणि आवाज हरवतो, असे दोन घरांत झालेले मी पाहिले. आणि हे काम नातीला द्या. नातवाला ती कौतुकाचे सांगते, नातीला खरे सांगते. मला जे तीन दिवसांत मिळाले नाही ते माझ्या मुलीने स्वयंपाकघरात अर्ध्या तासात काढले: आत्याला नाशिकला गेल्यावर पहिल्याच वर्षी एक मूल होऊन गेले होते. ते घरात कोणालाही माहीत नव्हते. मुलीने ते वहीत वेगळ्या पानावर लिहिले आहे.

निघताना आत्याने वही वाचून दाखवायला सांगितली. डोळे मिटून ऐकत होती. मध्येच थांबवून म्हणाली, “त्या खडीवरच्या बाईचं लिहिलंस का? जिनं पत्ता दिला?” लिहिले होते. “तिची दोन पायल्या बाजरी द्यायची राहिली माझ्याकडून. आम्ही निघून आलो, मग भेट नाही.” मी तेही लिहून घेतले. बाईचे नाव तिला आठवते, गावही आठवते. ते उमराण्याच्या अलीकडचे आहे. त्या बाई आता असतील असे वाटत नाही. पण त्यांची मुले-नातवंडे असतील, आणि आपली आई दुष्काळी कामावर होती, एवढे तरी त्यांना ठाऊक आहे का ते पाहायचे आहे. येत्या रविवारी मुलीला घेऊन जाणार आहे. बाजरी बरोबर न्यायला आत्याने बजावून सांगितले आहे.